दोन चाखणाऱ्या, एक गाडीवाली

टेसचा फोन रविवारी आला, आणि बुधवार उजाडला तरी व्हर्ना त्याच फोनचा विचार करत होती.

"मावशी, येत्या शनिवारी आईला जाऊन वर्ष होतंय," टेस म्हणाली होती. "आपण दोघी तीच ट्रिप करू. त्याच पाच वायनरी, त्याच क्रमाने. वेळा तूच घेऊन ठेव, तुला सगळं पाठ आहे."

"थंडी किती पडलीये बाळा. तळ्यावरून नुसता वारा सुटलाय. मेमध्ये करू की."

"मेमध्ये काय आहे? शनिवारीच करायची. आई कुठे कुठे उभी राहिली, कुठे किती प्यायली, ते मला एकदा बघायचंय. प्रत्येक काउंटरवर विचारणार आहे मी. कळलं की राग तरी जाईल माझा, नाहीतर जन्माचा बसेल. काय ते एकदाचं होऊ दे."

व्हर्ना "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

व्हर्ना होलकॉम्ब खोटं बोलते असं डंडी गावात कुणी म्हणालं नसतं. एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढलेली बाई. कुणाला कुठून नोटीस आली, कुणाला कुणाची पत्रं येतात, सगळं पोटात ठेवलं तिने. पण माणसाला एकच खोटं पुरतं, आणि व्हर्नाचं खोटं तर शब्दांचंही नव्हतं. अॅम्ब्युलन्समध्ये पडल्या पडल्या तिने शेरीफच्या माणसाला नुसतं मानेने हो म्हटलं होतं.

झालं होतं असं. व्हर्ना आणि तिची थोरली बहीण मार्जी दर ऑक्टोबरला, द्राक्षांची तोडणी सरत आली की, सेनेका तळ्याच्या पश्चिम काठाने पाच वायनरी करायच्या, म्हणजे वाइन बनते तिथेच जाऊन ती चाखायच्या. दिवसभर चाखायचं म्हणजे एकीने कोरडं राहून गाडी चालवायला हवी. पहिल्या वायनरीच्या पार्किंगमध्ये दोघी नाणं उडवायच्या. हरेल ती गाडीवाली. काउंटरवरची माणसं तिच्या कोटावर हिरवं गोल स्टिकर चिकटवायची, की मग तिला फुकट द्राक्षाचा रस आणि खारी बिस्किटं. वाइनचा थेंबही नाही, कितीही गयावया केली तरी.

गेल्या वर्षी नाणं व्हर्ना हरली होती. तीन ठिकाणी तिने निमूट रस प्यायला. चौथ्या ठिकाणी, टेन पाइन्समध्ये, मालकाने तळघरातून दोन हजार सातची रीझलिंग, पांढरी गोड वाइन, वर आणली. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, मधासारखी. त्या सालच्या पिकाचं नाव काढलं की इथली म्हातारी माणसं अजून टोपी काढतात. व्हर्नाला राहवेना. मालक पेले आणायला वळला तेवढ्यात तिने मार्जीला कोट टांगायच्या खुंट्यांआड ओढलं, आपल्या कोटावरचं स्टिकर सोलून तिच्या कोटावर दाबलं आणि म्हणाली, "सकाळपासून तू पितेयस, आता माझी पाळी. चाखून झालं की तू अर्धी तर बादलीतच ओततेस."

"हावरट कुठली," मार्जी हसून म्हणाली. तिने किल्ल्या घेतल्या. व्हर्नाने एक घोट म्हणता म्हणता चांगले चार पेले घेतले.

पाचव्या वायनरीला जाताना रस्त्यात हरीण आडवं आलं. मार्जीने गाडी वळवली, पण क्षणभर उशिरा. गाडी उतारावरून थेट द्राक्षमळ्याच्या खांबांत घुसली. व्हर्नाचा खांदा मोडला. मार्जी जागच्या जागी गेली. शेरीफच्या माणसाला तिच्या अंगाला वाइनचा वास आला, कोटावर हिरवं स्टिकर दिसलं. त्याने व्हर्नाला विचारलं, "आज गाडी चालवायची पाळी यांची होती ना?" व्हर्नाने मानेने हो म्हटलं. एवढंच.

मार्जी अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवत होती. निम्मं गाव तिच्या बसमधून शाळेत गेलेलं. तेच गाव मग बोलू लागलं की लोकांची पोरं नेणारी बाई, स्टिकर लावून प्यायली. बस डेपोतल्या भिंतीवरून तिचा फोटो उतरवला गेला. अंत्यविधीला निम्मी बाकं रिकामी होती. पोटची पोर टेस पहिल्या रांगेत दगडासारखी बसून होती. व्हर्नाने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि मूग गिळून गप्प राहिली. आज सांगू, उद्या सांगू करत वर्ष गेलं. आधी भीती होती, मग लाज आली, आणि लाज तर भीतीहून वाईट.

तर बुधवारची सकाळ. दुपारी टेस बफलोहून यायची होती, सगळा बेत पक्का करायला. व्हर्नाने ओट्यावर काळ्या द्राक्षांची टोपली उपडी केली होती. टेसला द्राक्षांचं गोड सारण भरून भाजलेली पाई आवडते. एकेक द्राक्ष चिमटून गर एका पातेल्यात, सालं दुसऱ्यात, असं किचकट काम चाललं होतं. बाहेर धुकं इतकं की तळं आहे की नाही, कळायला मार्ग नव्हता. हाताने द्राक्षं चिमटत ती डोक्यात बेत रचत होती.

बेत तसा सोपा होता. टेन पाइन्स गाळायची. तिथला जुना मालक विकून फ्लोरिडाला गेला होता, पण काउंटरवरची चष्मेवाली बाई अजून तिथेच असणार, आणि त्या बाईने खुंट्यांआडचं सगळं पाहिलं होतं असा व्हर्नाला दाट संशय होता. टेसने तिला विचारलं की संपलं. म्हणून टेसला सांगायचं, मालक बदलला, चाखायची खोली बंद आहे, आपण त्या वेळात जेवून घेऊ. बाकी चार ठिकाणी काय हवं ते विचार म्हणावं. व्हर्नाने हात धुतले, कागद पुढे ओढला आणि पहिला फोन ओल्ड फेरीला लावला.

"शनिवारी साडेदहाला दोघींसाठी जागा मिळेल का? होलकॉम्ब नावाने."

पलीकडची पोरगी कागद चाळत होती. "तुमचं नाव आहे की इथे. शनिवार, साडेदहा. पण दोघी नाही, तिघी. दोन चाखणाऱ्या, एक गाडीवाली."

"मी तर आत्ता पहिल्यांदा फोन करतेय."

"कालच आला होता फोन. बाईंचाच आवाज होता. गाडीवालीचं नाव पण लिहून घ्यायला लावलं त्यांनी. व्हर्ना."

व्हर्नाने आपसूक खांद्यावर हात ठेवला. वर्षभरात तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. भाजीसुद्धा शेजारी आणून द्यायचे. टेसचं काम असणार, ती मनाशी म्हणाली. पोरगी उतावळी आहे, सांगितलं आपल्याला आणि करून मोकळी झाली स्वतःच. पण मग तिघी कोण? टेस एक, आपण दोन. तिसरी कुणी मैत्रीण आणतेय की काय? आणि गाडी आपण का चालवायची?

तिने दुसऱ्या ठिकाणी, स्टोनबोटला, फोन लावला. तिथला माणूस जुना आणि तोंडाचा फटकळ होता. "अहो, एकदा सांगितलं ना तुम्हाला, पावणेबारा. दोन चाखणाऱ्या, एक गाडीवाली. बर्फ नको तेही लिहिलंय मोठ्या अक्षरात."

"कसला बर्फ?"

"रसात. गाडीवालीला बर्फ घालू नका, तिचे दात ठणकतात, असं तुम्हीच नाही का बजावलं? वर मला राजा म्हणालात. एकोणसत्तर वर्षांचा आहे मी. राजा म्हणून कुणी हाक मारून जमाना लोटला."

व्हर्नाने फोन ठेवला. तिने खुर्ची ओढली आणि बसली. राजा म्हणायची ती मार्जी. बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येक पोराला, पोरीला, प्रिन्सिपॉललासुद्धा. सरक आत राजा, दप्तर मांडीवर घे राजा. आणि व्हर्नाच्या दातांचं टेसला काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. दातांचं रडगाणं व्हर्नाने एका मार्जीशिवाय कुणापुढे गायलं नव्हतं.

कुणीतरी चेष्टा करतंय, तिने स्वतःला समजावलं. गावात काय, रिकामटेकडे कमी आहेत? पण समजावून मन समजत नसतं. तिसऱ्या वायनरीला फोन करायचा तिला धीरच झाला नाही. तिने एकदम पाचवीला लावला, एल्म लँडिंगला. गेल्या वर्षी दोघी तिथवर पोचल्याच नव्हत्या. निदान तिथे तरी काही नसेल, असं तिला वाटलं.

"हो हो, चार वाजता," तिथली लुसील म्हणाली. म्हातारी, गोड आवाजाची. "तुमच्या बहिणीने केला होता फोन. फार छान बोलल्या. म्हणाल्या, गेल्या वर्षी पोचता आलं नाही, तेवढी एकच राहिली."

"बहिणीने?"

"तसंच म्हणाल्या. माझी धाकटी आहे, तिच्याकडे जरा लक्ष ठेवा, म्हणाल्या. का हो, काही चुकलं का?"

"नाही," व्हर्ना म्हणाली. "काही नाही चुकलं."

तिने फोन टेबलावर ठेवला. तळ्यावर कुठेतरी खोल धाड् असा आवाज झाला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. तळं असं मधूनच तोफ डागतं, का ते कुणाला माहीत नाही, आणि इथे जन्मलेलं माणूस त्याच्याकडे मान वळवूनही पाहत नाही. व्हर्ना मात्र उठून उभी राहिली. धुकं आता अंगणातल्या मेपलपर्यंत आलं होतं. हात द्राक्षांनी जांभळे झाले होते, ते तिने पुन्हा धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत. डाग काही जाईनात. द्राक्षाचे डाग जातातच कुठे एका धुण्यात, ती स्वतःवरच खेकसली. तेवढ्यात फोन वाजला.

"मी अँब्रोज बोलतोय, टेन पाइन्समधून. नवा आहे मी, वसंतात घेतली जागा. तुमची शनिवारची वेळ पक्की करायला फोन केला. सव्वादोन, बरोबर?"

"मी तुमच्याकडे वेळ मागितलेली नाही," व्हर्ना म्हणाली.

"तुमच्या बहिणीने मागितलीय. दोन हजार सातची एक बाटली राखून ठेवायला सांगितलंय. तळघरात शेवटच्या तीनच उरल्यात, मला तर माहीतही नव्हतं, त्यांनी कोपरासुद्धा सांगितला. आणि एक चमत्कारिक गोष्ट सांगितली, म्हणून म्हटलं विचारावं. म्हणाल्या, गाडीवाली व्हर्ना. तिच्या कोटावर स्टिकर तुम्ही स्वतः लावा राजा, आणि यंदा तिला ते बदलू देऊ नका. खुंट्यांआड जाऊ देऊ नका. हे काय आहे हो? घरातली थट्टा आहे का काही?"

खुंट्यांआड दोघीच होत्या. एक मेली होती आणि दुसरी इथे स्वयंपाकघरात उभी होती. चष्मेवालीने पाहिलं असेल, तिनेच पढवलं असेल, असं तिने क्षणभर स्वतःला पटवून पाहिलं.

"तुमच्या काउंटरवर चष्मेवाली बाई होती," ती कशीबशी म्हणाली.

"कोण? मी आलो तेव्हा इथे कुणीच नव्हतं. सगळी माणसं नवी घेतली मी. हॅलो? ऐकताय ना?"

तिने फोन बंद केला. म्हणजे वर्षभर जिच्या भीतीने हा रस्ता टाळला, ती बाई तिथे नव्हतीच. कुणीच साक्षीदार नव्हता. टेसने पाचच्या पाच काउंटर पालथे घातले असते, तरी व्हर्नाच्या केसालाही धक्का लागला नसता. तिची सुटका झाली होती. पण सुटल्यासारखं वाटेना. उलट कुणीतरी मागे येऊन उभं आहे आणि आपण काय करतो ते शांतपणे बघतंय, असं तिला वाटू लागलं. ती मागे वळली नाही. पातेल्यातली सालं गरात ओतली, साखर घातली आणि गॅस पेटवून ढवळत राहिली.

टेस आली ती धुक्यातून रस्ता शोधत, वैतागून. चौतिशीची पोर, पण वर्षात पन्नाशीची दिसू लागली होती. कोट खुर्चीवर टाकून म्हणाली, "काय वास सुटलाय. झाली का यादी?"

"टेस," व्हर्ना पाठमोरीच म्हणाली, "खरं सांग. तू फोन केलेस ना सगळीकडे? राग नाही मला. फक्त सांग."

"मी कशाला करू? तुलाच नाही का सांगितलं? माझ्याकडे नंबरही नाहीत." मग तिला मावशीचं तोंड दिसलं. "काय झालं? बरं नाही का तुला? बस खाली आधी."

व्हर्ना बसली. यादीचा कागद टेबलावर होता. तोंडाशी आलेलं खोटं अजून तयारच होतं, टेन पाइन्स बंद आहे एवढंच म्हणायचं. आणि खरं तर ती तेच बोलणार होती. पण टेसने पाण्याचा पेला पुढे केला आणि मार्जीच्याच आवाजात म्हणाली, "घे, पी आधी." मुलींचे आवाज आयांसारखे होतात, त्यात नवल नाही. पण व्हर्नाचा बांध फुटला.

"त्या दिवशी गाडी चालवायची पाळी माझी होती," ती म्हणाली. "नाणं मी हरले होते. स्टिकर माझं होतं. टेन पाइन्समध्ये मी ते काढून तुझ्या आईला लावलं, मला ती जुनी रीझलिंग प्यायची होती म्हणून. ती बिचारी कशाला पिऊन गाडी चालवते? तिला वाटलं होतं गाडी मी चालवणार, म्हणून ती प्यायली. शेरीफच्या माणसाने विचारलं तेव्हा मी हो म्हटलं."

गॅसवरचं पातेलं उतू जायला लागलं, तशी टेस उठली, गॅस बंद केला आणि तिथेच उभी राहिली.

"तिने आपणहून घेतलं स्टिकर?" तिने विचारलं. "की तू मागे लागलीस?"

"मी मागे लागले."

"काय म्हणाली ती?"

"हावरट म्हणाली मला. हसत होती."

टेसने तोंडावर हात दाबला. "मी अंत्यविधीला रडले नव्हते, मावशी. सगळ्यांसमोर. मुद्दाम नाही रडले. म्हटलं, हिच्यासाठी कशाला रडायचं. तिचे कपडेसुद्धा मी पोत्यात भरून टाकून दिले."

व्हर्नाने हात पुढे केला.

"हात लावू नकोस मला," टेस हळूच म्हणाली. व्हर्नाने हात मागे घेतला. तिची कुठलीच तक्रार नव्हती. टेसने तिच्या कानाखाली मारली असती तरी नसती.

मग टेसला आठवलं. "फोनचं काय म्हणत होतीस?"

व्हर्नाने सगळं सांगितलं. बर्फाचं, बाटलीचं, खुंट्यांचं. टेस आधी तिच्याकडे वेड लागलेल्या माणसाकडे बघावं तशी बघत राहिली. मग तिने टेबलावरचा फोन उचलला, शेवटचा नंबर फिरवला आणि आवाज मोठा केला, दोघींना ऐकू जाईल असा.

"होलकॉम्बांकडून बोलतेय," ती म्हणाली. "आमच्या नावाने तुम्हाला फोन कुणी केला होता? कुणीतरी घाणेरडी चेष्टा करतंय."

"चेष्टा?" अँब्रोज गोंधळला. "त्यांचा आत्ता पुन्हा आला होता की फोन. दहा मिनिटंही नाही झाली. शनिवारचं रद्द करा म्हणाल्या."

"का?"

"तेच विचारलं मी. तर म्हणाल्या, आता गरज नाही राजा, सांगितलं तिने. बाकीच्यांनाही कळवते म्हणाल्या. हसत होत्या. बसमधून बोलत असाव्यात, मागे पोरांचा नुसता कालवा चालला होता. हॅलो?"

टेसने फोन बंद केला. दहा मिनिटांपूर्वी काय चाललं होतं ते दोघींनाही माहीत होतं. व्हर्नाने टेसकडे पाहिलं, की आता ही किंचाळेल, पळेल, निदान घाबरेल तरी. टेस घाबरली नव्हती. ती खुर्चीवर बसली. पर्समधून तिने स्वतःचा फोन काढला, त्यावर अंगठ्याने काहीतरी खाली वर शोधलं, पुन्हा शोधलं, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. वर्षभर अडवून धरलेलं सगळं एकदम आलं.

"सगळ्यांना केले तिने," टेस म्हणाली. "परक्या लोकांना केले. मला नाही केला एकसुद्धा."

"बाळा," व्हर्ना म्हणाली.

"अंत्यविधीच्या दिवशीच मी तिचा नंबर ब्लॉक केला होता, मावशी. मेलेल्या माणसाचा. आणि नसता केला, तरी तिचं नाव बघून मी फोन उचललाच नसता. ते माहीत होतं तिला."